घरट्यातले पहिले पंधरा दिवस

घरचिमणीचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हा त्याचे वजन दोन-अडीच ग्रॅम असते. डोळे मिटलेले, अंगावर पीस नाही, पोट फुगीर आणि कातडी इतकी पातळ की आतली आतडी दिसावीत. अंगात ऊब धरून ठेवण्याचीही ताकद नसते. आई बसली की गरम, उठली की गार. पंधरा दिवसांनी तेच पिल्लू वीस ग्रॅमच्या पुढे जाऊन वळचणीतून उडालेले असते. मधल्या काळात ते जिथे वाढते ती जागा स्वच्छ मुळीच नसते. जुने गवत, विष्ठा, अर्धवट खाल्लेल्या अळ्या, न उबलेले एखादे अंडे, ओलीवर चढलेली बुरशी, गोचिडीच्या कुळातले रक्त पिणारे बारीक माइट, रात्री येणारे डास. या सगळ्यांसमोर पिल्लाची कातडी उघडी असते.

प्रौढ चिमणीच्या शरीरात रोगजंतूंना तोंड देणारी व्यवस्था तयार असते. पिल्लाला ती याच पंधरा दिवसांत, वाढता वाढता, उभी करायची असते. म्हणून पिल्लाच्या प्रतिकारशक्तीची गोष्ट ही मुख्यतः वेळेची गोष्ट आहे. आईकडून आलेले संरक्षण कधी संपते, स्वतःचे कधी सुरू होते आणि मधले दिवस कोण सांभाळते, या तीन प्रश्नांवर पिल्लाचे जगणे-मरणे ठरते.

कोंबड्या पाळणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो. एक दिवसाच्या पिल्लाला मरेक्सची लस, पहिल्या आठवड्यात मानमोडी म्हणजे राणीखेत रोगासाठी लासोटा लशीचा थेंब डोळ्यात, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास गंबोरोची लस. गंबोरोची लस फार लवकर दिली तर आईकडून पिल्लात उतरलेली प्रतिद्रव्येच तिला निकामी करतात आणि उशीर झाला तर रोग आधी पोचतो. पोल्ट्रीतल्या पिल्लाचे हे वेळापत्रक माणसाने कोंबडीवर अनेक दशके प्रयोग करून बसवले. रानातल्या पिल्लाचे वेळापत्रक मात्र कोणी फारसे पाहिलेच नव्हते. १९९६ मध्ये बेन शेल्डन आणि सायमन व्हरहुल्स्ट यांनी एक लेख लिहून हा प्रश्न ठसठशीतपणे मांडला: रोगाशी लढणे शरीराला महाग पडते, तो खर्च वाढ, पिसे, पिल्ले वाढवणे यांतूनच भागवावा लागतो आणि म्हणून प्रतिकारशक्ती प्रयोगशाळेबाहेर, झाडावर आणि कड्याकपारीत मोजली पाहिजे. त्यानंतर पक्षी-अभ्यासक घरट्यांपाशी सुया आणि काचनळ्या घेऊन जाऊ लागले.

आईने दिलेले

आई अंड्यातून पिल्लाला संरक्षण देते हे मात्र त्याच्या शंभर वर्षे आधीपासून माहीत होते. १८९३ मध्ये फेलिक्स क्लेम्परर या जर्मन डॉक्टराने कोंबड्यांच्या शरीरात धनुर्वाताविरुद्ध प्रतिकार तयार केला, त्यांच्या अंड्यांतला पिवळा बलक उंदरांना टोचला आणि ते उंदीर धनुर्वातातून वाचले. मादीच्या अंगात बलक तयार होत असताना तिच्या रक्तातली प्रतिद्रव्ये त्यात उतरत जातात. उबवणीच्या शेवटच्या दिवसांत गर्भ ती आपल्या रक्तात ओढून घेतो. मादीने आयुष्यात ज्या रोगांशी सामना केला असेल त्यांचीच ही शिदोरी असते. जो रोग तिने पाहिला नाही, त्याच्यासाठी पिल्लाच्या पदरात काही नसते. उत्तर अटलांटिकच्या कड्यांवर दाटीवाटीने घरटी करणाऱ्या किटिवेक या समुद्रपक्ष्यात हे स्पष्ट दिसते. त्याच्या वसाहतींत गोचिडी असतात आणि त्या लाइम रोगाचे जीवाणू वाहून आणतात. गोचिडींचा उपद्रव असलेल्या माद्यांच्या अंड्यांत या जीवाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळतात, असे फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले.

पिवळा बलक पिल्लासाठी, तर पांढरा बलक अंड्यासाठी. पांढऱ्या बलकातल्या प्रथिनांपैकी साधारण साडेतीन टक्के लायसोझाइम असते. जीवाणूंची भिंत फोडणारे हे द्रव्य अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मध्ये, अश्रू आणि शेंबडात शोधले. अंड्याच्या पांढऱ्यात ते भरपूर असल्याचेही त्यांच्या लक्षात आले. त्याच्या जोडीला एक प्रथिन लोह पकडून ठेवते, दुसरे बायोटिन पकडून ठेवते. आत शिरलेल्या जीवाणूला वाढायला लागणाऱ्या गोष्टीच त्यामुळे मिळत नाहीत.

तरीही कवचाला हजारो छिद्रे असतात, कारण गर्भाला श्वास घ्यायचा असतो. हवा जाते तिथून ओलाव्याबरोबर जंतूही जाऊ शकतात. बरेच पक्षी रोज एक अंडे घालतात आणि सगळी घालून झाल्यावरच उबवायला बसतात, म्हणजे पहिले अंडे काही दिवस थंडच पडून राहते. प्वेर्तो रिको बेटावरच्या एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, न उबवलेली अंडी जंगलात ठेवून पाहिली. कवचातून आत जंतू शिरले आणि त्याने अंडी खराब होऊ लागली. डोंगरावरच्या दमट जंगलात हा धोका जास्त होता. उष्ण प्रदेशातले अनेक पक्षी पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच का बसू लागतात याचे एक कारण इथे सापडते. उबवल्याने अंडे कोरडे राहते आणि जंतूंची वाढ रोखली जाते.

यापुढची करामत हुदहुदची. महाराष्ट्रात माळावर आणि बागांमध्ये लांब वाकडी चोच मातीत खुपसत फिरणारा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटे करतो आणि त्या घरट्याला असह्य दुर्गंधी येते. ही दुर्गंधी घाणीची आहे असे लोक फार काळ मानत आले. स्पेनमध्ये ग्रानादाच्या परिसरात मानुएल मार्टिन-विवाल्दी, हुआन होसे सोलेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे ही घरटी तपासली. शेपटीच्या बुडाशी असलेल्या तेलग्रंथीतून बहुतेक पक्ष्यांना पांढरट तेल मिळते. हुदहुदच्या मादीत मात्र अंडी उबवण्याच्या काळात आणि घरट्यातल्या पिल्लांत हा स्राव गडद तपकिरी आणि उग्र वासाचा होतो, कारण त्यात जीवाणू राहायला आलेले असतात. ते एंटेरोकॉकस गटातले जीवाणू इतर जीवाणूंना मारणारी द्रव्ये तयार करतात. मादी हा स्राव चोचीने आणि पोटाच्या पिसांनी अंड्यांवर चोळते. आधी निळसर-करडी असलेली अंडी काही दिवसांत हिरवट-तपकिरी होतात.

सूक्ष्मदर्शकाखाली या अंड्याच्या कवचावर आणखी एक गोष्ट दिसली. त्यावर असंख्य बारीक खड्डे असतात, आरपार न जाणारे, आणि ते त्या स्रावाने भरतात. खड्ड्यांत हे उपयोगी जीवाणू जितके दाट, तितकी अंडे उबण्याची शक्यता जास्त. म्हणजे मादीने पिल्लाला जन्माआधी स्वतःची प्रतिद्रव्ये तर दिलीच, शिवाय दुसऱ्या जिवांची तटबंदीही कवचावर बसवली.

पिशवीचे रहस्य

आता पिल्लाचे स्वतःचे. पक्ष्यांना माणसासारख्या लसिका गाठी बहुतेक नसतात. टी पेशी घडवणारी थायमस ग्रंथी छातीत एका जागी नसून मानेच्या दोन्ही बाजूंना मण्यांच्या माळेसारखी पसरलेली असते. कोंबडीत प्रत्येक बाजूला तिचे साधारण सात खंड मोजता येतात. आणि प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या बी पेशी घडवण्यासाठी पक्ष्यांकडे एक खास अवयव आहे, जो दुसऱ्या कोणत्याही प्राणीवर्गाकडे नाही. विष्ठा आणि अंडे ज्या एकाच वाटेने बाहेर पडतात त्या वाटेच्या वरच्या बाजूला ही एक छोटी पिशवी असते.

इटलीतल्या पाडुआ विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या फॅब्रिशियस यांनी तिचे वर्णन केले. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे विल्यम हार्वे त्यांचेच विद्यार्थी. फॅब्रिशियस यांचे अंडे आणि पिल्लाच्या घडणीवरचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये निघाले. कोंबडी या पिशवीत नराचे वीर्य साठवते असा त्यांचा समज होता. पुढची तीनशेहून अधिक वर्षे या पिशवीचे काम काय, हे कोणालाच सांगता आले नाही. तिला त्यांचे नाव तेवढे चिकटले.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी या पिशवीच्या मागे लागला. आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांत ती झपाट्याने वाढते आणि कोंबडी वयात येताच आक्रसून जाते, एवढे त्याला दिसले होते. पिल्लांतून ती काढून टाकली तरी पिल्ले सरळ वाढली. मग टिमोथी चँग या सहविद्यार्थ्याला वर्गात प्रतिद्रव्ये कशी तयार होतात हे दाखवायचे होते आणि त्याला कोंबड्या हव्या होत्या. ग्लिकने आपल्या कोंबड्या दिल्या. त्यांतल्या काही पिशवी काढलेल्या होत्या. चँगने त्यांना साल्मोनेला जीवाणूंचा अंश टोचला आणि प्रात्यक्षिक फसले, कारण त्या कोंबड्यांच्या रक्तात प्रतिद्रव्येच दिसेनात. फसलेल्या प्रात्यक्षिकात काय सापडले आहे हे दोघांनी ओळखले. त्यांचा लेख एका नामांकित विज्ञान-नियतकालिकाने परत पाठवला आणि तो १९५६ मध्ये कोंबडीपालनाच्या नियतकालिकात छापून आला. वैद्यकशास्त्रातल्या लोकांच्या नजरेत तो यायला आणखी काही वर्षे गेली.

१९६५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी काही पिल्लांची थायमस आणि काहींची ही पिशवी काढून पाहिले. थायमस नसलेल्यांचे एक प्रकारचे संरक्षण गेले, पिशवी नसलेल्यांचे दुसरे. प्रतिकारशक्तीच्या दोन वेगळ्या शाखा आहेत, ही आज कोणत्याही दवाखान्यात गृहीत धरली जाणारी गोष्ट या पिल्लांमुळे पक्की झाली. माणसाच्या रक्ततपासणीत ‘बी पेशी’ लिहिले जाते त्यातला ‘बी’ या बर्सा नावाच्या पिशवीचा. कोंबडीच्या पिल्लाने वैद्यकाला दिलेले हे देणे फार मोठे आहे आणि ते पुरेसे सांगितले जात नाही.

ही पिशवी काम कसे करते तेही पाहण्याजोगे आहे. प्रतिद्रव्य घडवायला माणसाची पेशी जनुकांच्या अनेक तुकड्यांतून वेगवेगळे तुकडे निवडून जोडते. कोंबडीकडे एवढे पर्याय नसतात. प्रतिद्रव्याच्या लहान साखळीसाठी तिच्याकडे त्या भागाचे चालू जनुक एकच असते आणि शेजारी सुमारे पंचवीस निकामी प्रती असतात. रेनो आणि वेय या फ्रेंच संशोधकांनी १९८७ च्या सुमारास दाखवले की पिशवीत वाढताना पेशी या निकामी प्रतींतले उतारे चालू जनुकात घालत जातात आणि असंख्य वेगवेगळी प्रतिद्रव्ये तयार होतात. बहुतेक पेशी या धडपडीत तिथेच मरतात. थोड्या बाहेर पडून शरीरभर पसरतात. पिशवीचे तोंड विष्ठेच्या वाटेत उघडे असते आणि पिल्लू गुदद्वाराच्या आत ओढण्याच्या हालचालीने आतड्यातले आणि बाहेरचे जंतू थोडेथोडे त्या पिशवीत घेत राहते. घरट्यातल्या घाणीशी ओळख इथूनच सुरू होते.

हे सगळे मोठेपणी उरत नाही. वयात येईपर्यंत पिशवी आक्रसते आणि बहुतेक पक्ष्यांत नाहीशी होते. रानबदक कोवळे आहे की जुने, हे तिच्या खोलीवरून ओळखण्याची पद्धत बदकांचा अभ्यास करणारे वापरतात.

घाई आणि सावकाशी

कोंबडीचे पिल्लू जन्मताच चालते. टिटवीचेही तसेच; अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांत ते आईमागे धावू लागते. चिमणी, बुलबुल, साळुंकी यांची पिल्ले आंधळी, उघडी आणि अर्धवट घडलेली जन्मतात. कोंबडीवरून काढलेले निष्कर्ष या पिल्लांना लागू पडतील, असे अनेक वर्षे धरून चालले होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिंजऱ्यातल्या घरचिमण्यांच्या माद्यांना, त्यांना निसर्गात कधी भेटणार नाही असा एक परका पदार्थ टोचला आणि त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये मादी, बलक आणि पिल्लू या वाटेने कुठवर जातात ते मोजले. आईकडून पिल्लात फार थोडे पोचते, तेही काही दिवसांत विरते आणि पिल्लू आयुष्याच्या पहिल्या आठवड्यातच स्वतःची प्रतिद्रव्ये बनवू लागते, असे दिसले. जन्माला येताना असहाय असलेले चिमणीचे पिल्लू या एका बाबतीत कोंबडीच्या पिल्लाच्या पुढे आहे. पंधरा दिवसांत घरटे सोडायचे असेल तर दुसरा मार्गच नाही.

याच्या अगदी उलट टोकाला शियरवॉटर. अटलांटिकमधल्या बेटांवर बिळात एकच अंडे घालणारा हा समुद्रपक्षी पिल्लाला सुमारे तीन महिने वाढवतो आणि स्वतः कित्येक वर्षे जगतो. फ्रान्स आणि स्पेनच्या संशोधकांनी या माद्यांना मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस टोचली. कोंबड्यांच्या खुराड्यासाठी बनवलेली ही लस निवडण्यामागे साधे कारण होते: मध्य समुद्रात मासे पकडून जगणाऱ्या या पक्ष्याच्या रक्तात राणीखेतची प्रतिद्रव्ये सापडली तर ती लसीचीच असणार. पिल्लांच्या रक्तात आईची ही प्रतिद्रव्ये निम्मी व्हायला सुमारे २५ दिवस लागले. चिमणीच्या पिल्लात हेच काम दोन-तीन दिवसांत होते. शिवाय लस दिलेल्या माद्या पुढची काही वर्षेही आपल्या अंड्यांत ती प्रतिद्रव्ये उतरवत राहिल्या.

सावकाश वाढणाऱ्या पक्ष्यांना स्वतःची व्यवस्था जास्त काळजीने घडवता येते, असाही एक धागा आहे. २००२ मध्ये होसे तेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक जातींच्या पक्ष्यांची तुलना केली आणि दीर्घायुषी, घरट्यात जास्त दिवस राहणाऱ्या जातींच्या पिल्लांत टी पेशींचा प्रतिसाद अधिक जोमदार असल्याचे मांडले. तो मोजण्याची पद्धत मराठी स्वयंपाकघराला ओळखीच्या वस्तूपासून निघाली आहे. राजम्यात एक प्रथिन असते, ज्यामुळे कच्चा राजमा पोटाला बाधतो. हे प्रथिन शुद्ध करून पिल्लाच्या पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात आणि २४ तासांनी सूज किती आली ते जाडी मोजणाऱ्या यंत्राने पाहतात. ही सूज फक्त टी पेशींची नाही, त्यात इतर पेशींचाही वाटा असतो, हे नंतर लक्षात आले. पण झाडावर चढून इतक्या सहज करता येईल अशी दुसरी चाचणी अजून क्वचितच मिळते.

या चाचणीने खर्चाचा प्रश्नही उघड केला. इटलीत निकोला साइनो यांनी भिंगरीच्या घरट्यांत पिल्लांची संख्या वाढवली, तेव्हा वाट्याला कमी घास आलेल्या पिल्लांची सूज कमी आली. पोट भरलेल्यांची जास्त. स्पेनमध्ये सोलेर आणि सहकाऱ्यांनी मॅगपाय पक्ष्याच्या पिल्लांना मेथिओनिन हे अमिनो आम्ल दिले. त्यांचा टी पेशींचा प्रतिसाद वाढला, पण वाढ मंदावली. दोन्ही एकदम होत नाही.

साइनो यांचा २००० सालचा प्रयोग तर घरट्याच्या अगदी आत नेतो. भिंगरीचे पिल्लू आईबाप येताच चोच उघडते आणि आतला घसा लालबुंद दिसतो. तो रंग अन्नातून आलेल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा असतो; गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या कुळातलाच. हीच द्रव्ये रोगाशी लढतानाही खर्ची पडतात. साइनो यांनी काही पिल्लांना मेंढीच्या लाल पेशी टोचल्या. त्या निरुपद्रवी, पण शरीराला परक्या. म्हणून शरीर त्यांच्यावर तुटून पडते. अशा पिल्लांच्या घशाची लाली उतरली. ज्यांना वरून ल्युटीन हे कॅरोटिनॉइड दिले त्यांची लाली परत आली आणि आईबापांनी त्यांना जास्त घास दिले. म्हणजे पिल्लाच्या रक्तात चाललेली लढाई आईबापांना चोचीच्या रंगात दिसते आणि किडा कुणाच्या तोंडात जायचा ते त्यावर ठरते. पाच उघड्या चोचींत जिचा रंग फिका, ती अधिक उपाशी राहते. हे वाचायला कठोर वाटते; पण दिवसभरात शेकडो फेऱ्या मारणाऱ्या आईबापांकडे सगळ्यांना पुरेल इतके अन्न नसते आणि घास कुठे फुकट जाणार नाही हे त्यांना कशावरून तरी ठरवावेच लागते.

घरट्याची औषधे

पिल्लाची यंत्रणा तयार होईपर्यंत आईबाप घरट्यातही बंदोबस्त करतात. चिमण्या घरट्यात कडुनिंबाची ताजी पाने आणतात, अशी भारतातलीच एक नोंद १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालणाऱ्या घरांना यात नवल वाटणार नाही. कॉर्सिका बेटावरच्या निळ्या टिट पक्ष्यांच्या माद्या लॅव्हेंडर, पुदिना अशा वासाच्या वनस्पतींचे तुकडे घरट्यात सतत बदलत राहतात आणि त्यामुळे पिल्लांच्या अंगावरचे जीवाणू कमी होतात. मेक्सिको शहरातल्या चिमण्या आणि फिंच सिगारेटची थोटके घरट्यात विणतात. त्यातल्या निकोटिनमुळे माइट कमी येतात, हे २०१३ मध्ये दिसले. नंतर अशा घरट्यांतल्या पिल्लांच्या रक्तपेशींत जनुकांना इजा झाल्याच्या खुणाही सापडल्या. शहरात नवे औषध मिळाले, त्याचा त्रासही पिल्लांच्याच वाट्याला आला.

हा बंदोबस्त जिथे पुरा पडत नाही अशी जागा म्हणजे गॅलापागोस. फिलॉर्निस डाउन्सी ही परकी माशी माणसांबरोबर तिथे पोचली आणि १९९७ मध्ये तिच्या अळ्या डार्विनच्या फिंच पक्ष्यांच्या घरट्यांत आढळल्या. लहान अळ्या पिल्लाच्या नाकपुड्यांत शिरतात. मोठ्या झाल्या की घरट्याच्या तळाशी दबा धरून रात्री रक्त पितात. मोठ्या फिंच माद्यांच्या रक्तात या माशीविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, हे प्रयोगाने दिसले आहे. त्यांच्या पिल्लांत मात्र तसा प्रतिसाद दिसला नाही आणि अनेक घरट्यांत पिल्ले रक्त जाऊन मरतात. आईची यंत्रणा शिकते, पण पिल्लाला शिकायला दोन आठवडेही मिळत नाहीत. त्याच बेटांवरचा मॉकिंगबर्ड दुसऱ्या मार्गाने तरतो: अळ्यांनी रक्त प्यालेली पिल्ले जास्त ओरडतात, आईबाप जास्त घास आणतात आणि गेलेले रक्त भरून निघते.

फिंचसाठी माणसाने केलेला उपाय संशोधक सारा नुटी यांना धुण्याच्या दोरीपाशी सुचला. फिंच तिथे दोरीतले कापसाचे धागे ओढून नेत होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी कीटकनाशक लावलेला कापूस जागोजागी ठेवला. पक्ष्यांनी तो घरट्यात विणला आणि ज्या घरट्यांत तो पुरेसा गेला तिथे अळ्या जवळजवळ उरल्या नाहीत.

माणसाचे पाळीव पक्षी आणि रानपक्षी यांच्यात रोगांची देवाणघेवाण किती दूरवर जाऊ शकते, हे १९९७ मध्येच अंटार्क्टिकात दिसले होते. गंबोरोचा विषाणू कोंबडीच्या पिल्लाच्या त्याच पिशवीवर हल्ला करतो, जिथे बी पेशी घडतात. एकदा ती उद्ध्वस्त झाली की पिल्लू इतर रोगांनाही बळी पडते. अंटार्क्टिकातल्या पेंग्विनांच्या, त्यातही सम्राट पेंग्विनांच्या पिल्लांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. जिथे एकही कोंबडी नाही, तिथे हा विषाणू माणसांच्या वावराबरोबर पोचला असावा, अशी शंका संशोधकांनी घेतली.

हिंदी महासागराच्या दक्षिण भागात अॅमस्टरडॅम नावाचे एक लहान फ्रेंच बेट आहे. पिवळ्या नाकाच्या अल्बट्रॉसची मोठी वसाहत तिथल्या उभ्या कड्यांवर आहे. पक्षी-कॉलराच्या जीवाणूने तिथली पिल्ले अनेक हंगामांत मोठ्या संख्येने मरत आली. शियरवॉटरच्या आईची प्रतिद्रव्ये किती दिवस टिकतात हे मोजणाऱ्या फ्रेंच संशोधकांनीच तिथल्या जीवाणूपासून खास लस बनवून घेतली आणि कड्यावर उतरून पिल्लांना टोचली. लस मिळालेली पिल्ले न मिळालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त जगली, असे त्यांनी २०१८ मध्ये जाहीर केले. पण जोडीला वर्षात एकच अंडे, कडा सरळ तुटलेला आणि दर हंगामात नवे पिल्लू. प्रत्येकापर्यंत सुई पोचवणे अवघड आहे. शिवाय रोग पसरतो तो केवळ अल्बट्रॉसकडून नव्हे. मेलेल्या पिल्लांवर ताव मारणारे स्कुआ पक्षी एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत सतत उडत असतात आणि त्यांच्या रक्तातही या जीवाणूची प्रतिद्रव्ये सापडतात. म्हणून त्या बेटावर आता पिल्लांच्या लसीबरोबर स्कुआंच्या अंगावर जीपीएस लावून त्यांच्या फेऱ्याही नोंदल्या गेल्या आहेत, म्हणजे रोग पुढे कोणत्या कड्याकडे वळेल याचा अंदाज पिल्ले अंड्यातून बाहेर पडण्याआधीच बांधता येईल.